अक्काला कळू द्यायचं नाही

वेळ अमावस्येला अक्कानं आंबिलीचा पेला अर्धाच ठेवला, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी सापडत नाही. सगळे रानात जेवायला जातात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा मांडायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, माठभर आंबील. अक्का हे सगळं एकटी करायची आणि सगळ्यांचं झाल्यावर मांडी घालून निवांत जेवायची. तिचं जेवण बघण्यासारखं असायचं. त्या दिवशी तिनं उंड्याचे दोन घास खाल्ले, आंबिलीला तोंड लावलं आणि ताट बाजूला सारलं.

"अक्का, जेवली न्हाईस?"

"जेवले की. पोट टच्च झालं."

"दोन घासांत?"

"पित्त झालंय ग. कवापासनं असंच हाय. खाल्लं की वर येतं."

हात धुताना तिनं पदर सरकवला आणि माझं बोट धरून आपल्या मानेवर टेकवलं. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर जो खळगा असतो तिथं. बोटाखाली सुपारीएवढी गाठ लागली. कडक होती, हलवली तर हलत नव्हती.

"ही बघ. दुखत मात्र न्हाय," ती म्हणाली. जणू दुखत नाही ही चांगलीच गोष्ट होती.

मी भूमच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शरीरातल्या अशा गाठींची आकृती दर वर्षी फळ्यावर काढते. पण फळ्यावरची गाठ आणि अक्काच्या मानेतली गाठ यांचा संबंध त्या वेळी माझ्या डोक्यात जुळला नाही. डॉक्टरला दाखव एवढं बोलून मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

अक्का माझी थोरली बहीण. आमचे आई-वडील भूकंपात गेले. मी तेव्हा रांगत होते आणि अक्का शाळेत जात होती. त्या पहाटे मी किरकिर करत होते म्हणून ती मला घेऊन अंगणात झोपली होती, म्हणून आम्ही दोघी राहिलो. हे मला मामानं सांगितलं. अक्का त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. मामाकडं आम्ही वाढलो, आणि पुढं तिला सास्तूरचं स्थळ आलं तेव्हा तिनं बघायला आलेल्या माणसांसमोरच सांगून टाकलं, "धाकटी बहीण संगं येणार. जमत नसंल तर लगीन नको." मोठी माणसं एकमेकांकडं बघू लागली. नवरदेव, म्हणजे आमचे दाजी, तेवढे म्हणाले, "एक भाकरी जास्ती थापायची. त्यात काय?"

अशी मी अक्काच्या लग्नात तिच्यासोबत सासरी गेले. तिला मूलबाळ झालं नाही. त्या घरात लेकरू म्हणून मीच वाढले. दाजींनी मला सायकल शिकवली, बारावीला असताना रोज फाट्यापर्यंत सोडलं, आणि माझ्या लग्नात बापाच्या जागी उभे राहिले ते तेच.

भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात घरं सारखी, रांगेतली, पक्क्या स्लॅबची आहेत. अक्का त्या घरात स्वयंपाक करायची, दिवा लावायची, पाहुण्यांना बसवायची, पण झोपायची नाही. घरापुढं दाजींनी तिच्यासाठी पत्र्याचं शेड घातलं होतं. उन्हाळा असो, थंडी असो, तिची बाज तिथंच. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत दाजींनीही आपली बाज तिथं नेली होती.

संक्रांतीनंतर दाजींचा फोन आला. "तिला पाणीबी पचंना झालंय. उमरग्याच्या डॉक्टरनं सोलापूरला जा म्हणून सांगितलंय. तू येतीस का?"

मी सोलापूरला परस्पर गेले. अक्का दारातच भेटली. एवढ्याशा दिवसांत ती निम्मी झाली होती. ब्लाउजची बाही दंडावर लोंबत होती.

पोटात दुर्बीण घातली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. कमी बोलायच्या. त्यांनी अक्काचं पोट दाबून बघितलं, मग हात वर गेला आणि मानेच्या त्या खळग्यात थांबला. बोट तिथंच ठेवून त्या क्षणभर खिडकीकडं बघत राहिल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, "यांचं वजन करून आणा." अक्का बाहेर गेली.

"तुकड्याचा रिपोर्ट यायचाय," त्या म्हणाल्या, "पण दुर्बिणीत मला जे दिसलं तो जठराचा कॅन्सर आहे. आणि ही मानेतली गाठ त्याचीच असणार."

"पोटातलं मानेत कसं जाईल?" दाजींनी विचारलं.

"रक्ताच्या नळ्या असतात तशा शरीरात दुसऱ्याही बारीक नळ्या असतात. त्यांच्या वाटेवर जागोजागी गाठी असतात. आजार जठरातून आधी शेजारच्या गाठींत जातो, तिथून पाठीच्या कण्याजवळच्या गाठींत, आणि त्या नळ्या जिथं रक्ताला मिळतात तिथं, डाव्या बाजूला मानेत. इथं गाठ लागली म्हणजे मधली सगळी वाट त्यानं चालून झाली."

"ऑपरेशन करून पोटातलं काढून टाका की."

"काढलं असतं. पण तो आता नुसता पोटात राहिलेला नाही."

दाजी हात जोडून म्हणाले, "बाई, एक करा. तिला सांगू नका. अल्सर म्हणा. तिनं एकदा सगळं गमावलंय. परत न्हाय सोसायचं तिला."

"मी आपणहून सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"न्हाय विचारणार ती."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडंही वचन मागितलं. "पोरी, अक्काला कळू द्यायचं न्हाय." मी मान हलवली. त्या माणसाला नाही म्हणायचं मला आजवर कधी जमलेलं नव्हतं.

रिपोर्ट तोच आला. पण डॉक्टरबाईंनी तुकड्यावर आणखी एक तपासणी करायला सांगितली, आणि ती कशासाठी हे मला नीट समजावलं. पेशीच्या अंगावर वाढीचा निरोप झेलणारी प्रथिनं असतात. आपल्या सगळ्यांच्याच पेशींवर ती थोडीथोडी असतात. काही जणांच्या कॅन्सरमध्ये मात्र ती बेसुमार वाढतात, आणि मग पेशीला 'वाढ, वाढ' असा एकच निरोप सारखा मिळत राहतो. असा कॅन्सर गाठींकडं लवकर धावतो. "तशा अर्थानं ते वाईटच," त्या म्हणाल्या, "पण त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारं औषध आपल्याकडं आहे. ते प्रथिन नसेल तर नुसती केमो. असेल तर केमोबरोबर ते औषधही देता येतं. थोडा जास्त वेळ मिळतो."

काचपट्टीवर रंग टाकल्यावर ते प्रथिन असलं तर पेशीच्या कडेकडेनं तपकिरी रेघ उमटते. ती रेघ उमटावी म्हणून मी देवाला हात जोडले. आजार जास्त आडदांड निघू दे असं मी मागत होते, तेही मला कळत होतं.

रेघ उमटली, आणि चांगली ठळक उमटली.

पहिल्या सलाईनच्या आधी मी सास्तूरला गेले. अक्का शेडात बाजेवर बसून तूर निवडत होती. मी टेकले तशी तिनं आत हाक दिली, "अवो, जरा दुकानाला जाऊन या. काडेपेटी सरलीय." दाजी चपला घालून गेले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"काडेपेटी हाय घरात. आता सांग. काय हाय मला?"

"अल्सर हाय, अक्का."

"तुला शाळेत खोटं बोलता येत नव्हतं, आताबी येईना. अल्सरला कुणी तिकडं सोलापूरला नेत न्हाय. अन् ते," तिनं रस्त्याकडं हनुवटी हलवली, "ते शेडामागं जाऊन रडायलेत. चेहरा धुऊन येतेत. म्या काय आंधळी हाय?"

तिनं माझा हात हातात घेतला नाही, काही नाही, नुसती वाट बघत बसली. शेवटी मी लव्हाळ्याचं उदाहरण काढलं. लव्हाळा कसा वरून खुरपला तरी जमिनीत त्याच्या गाठी राहतात, एका गाठीतून दुसरी...

तिनं मला मध्येच तोडलं. "लव्हाळा मला ठावं हाय. जल्मभर खुरपलाय. वर्गातल्या पोरांना सांगतीस तसं सांगू नको मला. कॅन्सर हाय का?"

"व्हय."

"ह्या गाठीतबी?"

"व्हय."

"मरायचंच व्हय मग."

"औषध हाय. तुझ्या आजाराला लागू पडणारं. त्यानं वेळ मिळतो."

"अन् बरं?"

"न्हाय, अक्का."

ती रडली नाही. तिनं सूप परत मांडीवर ओढलं, दोन खडे काढून बाहेर फेकले. मग म्हणाली, "एक ध्यानात ठेव. मला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं न्हाय."

"का?"

"मला कळू नये म्हणून धडपडायलेत, त्या धडपडीवर उभे हाईत ते. ती काढून घेतली तर मटकन बसतील. म्हणू दे अल्सर."

दाजी काडेपेटी घेऊन आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "केवढा येळ लावला! हिला च्या करायचा होता."

अशी मी दोघांनाही वचन देऊन बसले.

ते औषध द्यायची जागा हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर होती. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. जिन्याच्या पायथ्याशी अक्का थांबली आणि वर बघत राहिली. लिफ्टकडं तर तिनं बघितलंही नाही. भूकंपानंतर ती कधी माडीवर चढली नव्हती. माझ्या भूमच्या घरी यायची तेव्हाही तळमजल्यावरच्या घरमालकिणीकडं बसायची आणि मला खाली बोलवायची.

"खाली कुठं जमंल का इचारतो," दाजी म्हणाले.

"नका इचारू," ती म्हणाली आणि कठडा धरून चढायला लागली. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर टेकवत. मधल्या वळणावर ती थांबली. चेहऱ्यावर घाम होता आणि हात इतका थरथरत होता की बांगड्या वाजत होत्या. मी पुढं झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. वर गेल्यावर दाराजवळची खाट मागून घेतली. सलाईन संपेपर्यंत तिची नजर छताच्या पंख्यावर होती. पंखा बंद होता. तो झुलतो का, एवढंच ती बघत होती.

दाजी शेजारी स्टुलावर बसून बोलत राहिले. हरभऱ्याला घाटे कसे धरलेत, गाय कधी विणार. मध्येच म्हणाले, "अल्सर हाय ना, बरा व्हायला येळ लागतो."

"व्हय," अक्का म्हणाली, "माझ्या मावससासूलाबी असाच झाला होता. वरीसभर औषध खाल्लं."

मावससासूला कसलाच अल्सर झालेला नव्हता. दाजींनाही ते माहीत होतं. तरी ते म्हणाले, "व्हय, व्हय, आठवतंय."

ठरलेल्या अंतरानं आम्ही जात राहिलो. ते औषध हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून अधूनमधून हृदयाची तपासणी व्हायची. "अल्सरला छातीचं कशाला बघतेत?" असं अक्का एकदाही म्हणाली नाही. तिचे केस गेले. दाजींनी गावात सांगितलं की अल्सरच्या औषधानं जातात. गावानं मान डोलावली. आमच्या गल्लीत लहान लेकरांनासुद्धा खरं ठाऊक होतं. बाया भेटायला यायच्या, चहा घ्यायच्या, पावसापाण्याचं बोलायच्या आणि शेडाबाहेर पडल्यावर डोळ्याला पदर लावायच्या.

एकदा त्या तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या खाटेवर परंड्याकडची एक मुसलमान बाई होती. बोलकी होती. अक्काच्या सलाईनकडं बघून तिनं सहज विचारलं, "तुम्हाला पण कॅन्सरच का, आपा? कशाचा?"

दाजी स्टुलावरून अर्धे उठले. अक्का शांतपणे म्हणाली, "न्हाय ओ, मला अल्सर हाय."

बाईनं आपल्या बाटलीकडं बघितलं, अक्काच्या बाटलीकडं बघितलं, मग दाजींच्या चेहऱ्याकडं. "असंल, असंल," ती म्हणाली. "माझीच नजर कमी झालीय." आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

औषध लागू पडलं होतं. हे सांगायलाच हवं, कारण ते दिवस खरे होते. मानेतली गाठ सुपारीची वाटाण्याएवढी झाली, मग बोटाला लागेनाशी झाली. पाडव्याच्या सुमारास अक्कानं भाकरी मागितली. चतकोर खाल्ली, मग अर्धी. एके दिवशी शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घेऊन तिनं अख्खी भाकरी संपवली. दाजी समोर बसून बघत होते. ती हात धुवायला उठायच्या आत त्यांनी तिचं रिकामं ताट उचललं आणि मोरीकडं गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. पेरणीला ती बांधावर जाऊन बसली. गौरीला तिनं पुरण स्वतः वाटलं. मला कधी कधी वाटायचं, डॉक्टरबाई चुकल्या असतील. अशा चुका होतात.

दिवाळीनंतर गाठ परत आली. आता ती एकटी नव्हती. बोट फिरवलं तर ओळीनं लागत होत्या, माळेतल्या मण्यांसारख्या. पोटाच्या फोटोत पाठीच्या कण्याजवळच्या गाठी फुगून एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. डॉक्टरबाईंनी मानेतल्या गाठीचा तुकडा काढला आणि पुन्हा त्या प्रथिनाची तपासणी केली.

या वेळी रेघ उमटली नाही.

"ज्या पेशींवर ते प्रथिन होतं त्या औषधानं मारल्या," त्यांनी मला आणि दाजींना आत बोलावून सांगितलं. "उरल्यात त्या त्याच्याशिवाय वाढणाऱ्या. आता त्या औषधाला चिकटायला जागाच नाही."

"दुसरं द्या मग," दाजी म्हणाले.

"दुसरी केमो आहे. त्रास जास्त होईल. फायदा झालाच तर थोड्या दिवसांचा. शरीर थकलंय त्यांचं."

"द्या. कायबी द्या. थांबू नका."

दाजी चहा आणायला खाली गेले तेव्हा मी अक्काला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मग बास," ती म्हणाली. "मला माझ्या शेडात जायचंय. सुया नकोत आता."

"दाजींना काय सांगायचं? अल्सर बरा व्हायच्या आधी औषध का सोडलं म्हणतील."

दाजी चहाचे कप घेऊन आले, डॉक्टरबाईही आल्या. अक्कानं कप हातात घेतला नाही. म्हणाली, "म्या आता हितं येणार न्हाय."

"का?" दाजींनी विचारलं.

"ह्या स्लॅबखाली जीव घुसमटतो माझा. तुमच्यासाठी म्हणून वरीसभर आले. आता न्हाय जमत. वर बघितलं की सगळं अंगावर येतंय असं वाटतंय."

"अगं, खाली सोय करायला सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

"खाली बी स्लॅबच हाय."

दाजी तिला समजावत राहिले, मग चिडले, मग तिचा हात धरून बसले. ती एकच वाक्य परत परत म्हणत राहिली. तिच्या हाताला त्या दिवशी जराही थरथर नव्हती. डॉक्टरबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्यांना उमगलं. त्या दाजींना म्हणाल्या, "त्यांचं ऐका. दुखण्यासाठी गोळ्या देते. घरी न्या."

परतीच्या वाटेवर गाडीत अक्काला डोळा लागला. दाजी पुढच्या सीटवर होते. काचेकडं तोंड करून ते म्हणाले, "आईबापाला खाल्लं त्या भूकंपानं. आता हिलाबी न्यायला बसलाय." खरं काय ते माझ्या ओठावर आलं होतं. मी शेजारी अक्काकडं बघितलं. तिचे डोळे उघडे होते. तिनं नाही अशी मान हलवली.

पुढचं फार लांबवून सांगण्यासारखं नाही. मी बिनपगारी रजा घेऊन सास्तूरला राहिले. जठराची खालची वाट बंद होत आली होती. घोटभर पाणी घेतलं तरी हिरवट उलटी व्हायची. भूक मात्र मेली नव्हती. शेजारच्या घरात फोडणी बसली की ती नाक वर करून वास घ्यायची आणि विचारायची, "वांगं केलंय का ग त्यांनी?" पोट फुगलं, पाय सुजले, चेहऱ्याची हाडं वर आली. गोळीचा अंमल उतरला की दात आवळून पडायची. आवाज करायची नाही, कारण दाजी जवळ असायचे. दाजी बाहेर गेले की मग कण्हायची. आणि दाजी, ते चमच्यानं लिंबाचं पाणी तिच्या ओठाला लावत म्हणायचे, "अल्सरची खपली धरायलीय आतून. म्हणून दुखतंय."

"व्हय," ती म्हणायची.

ती गेली तेव्हा सकाळचं ऊन शेडात आलं होतं. दाजी ज्वारीला पाणी द्यायला गेले होते, कारण लाईट त्याच वेळेला असायची. अक्काचा श्वास बदललेला मला कळला. ती म्हणाली, "त्यांना बोलाव." मी फोन केला. ते चिखलाच्या पायांनी पळत आले, बाजेवर टेकले. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "पाणी झालं का सगळ्या रानाला?"

"झालं," दाजी म्हणाले. निम्मं रान राहिलं होतं.

त्यानंतर ती बोलली नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी निघायच्या दिवशी दाजी शेडात आले. अक्काची बाज उभी करून भिंतीला लावली होती. ते खाली जमिनीवर बसले.

"एक इचारू? तिला ठावं होतं का?"

मी विचार करून ठेवला होता की विचारलं तर काय सांगायचं. पण त्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही.

"होतं," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"पहिल्या सलाईनच्या आधीपासून."

"तू सांगितलंस?"

"तिनं विचारलं."

"अन् ते स्लॅबचं?"

"औषध नको झालंय हे तिला तुम्हाला सांगता येईना म्हणून."

मला वाटलं, आता रडतील आणि मोकळे होतील. पण त्यांचा चेहरा आवळत गेला. असा चेहरा मी त्यांचा लहानपणापासून कधी बघितला नव्हता.

"म्हंजे वरीसभर तुमी दोघी बोलत होता," ते म्हणाले. "अन् म्या एकटा शेडामागं जाऊन रडायलो. ती हितं. म्या तिथं. मधी एक पत्रा. दोघं मिळून रडलो असतो की, पोरी. एवढंबी न्हाय दिलंत मला."

"तुम्हीच म्हणाला होता, दाजी, कळू द्यायचं न्हाय."

"व्हय. म्या म्हणलो होतो." ते उठले. "जा. गाडी चुकंल."

त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडलं नाही. मी चालत गेले.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी करायची, ते उचलायचे. सोयाबीन बरं आहे, तब्येत बरी आहे, ठेवतो. मी सुट्टीत जायचे तर चहा करून द्यायचे, शेजारच्या बाईकडून माझ्यासाठी कालवण मागवायचे, आणि मी असेपर्यंत रानात राहायचे. माझ्या नवऱ्यानं त्यांना भूमला राहायला बोलावलं तर नको म्हणाले. कधी मला वाटतं, खोटं सांगायला हवं होतं, तिला काही ठाऊक नव्हतं म्हणून. कधी वाटतं, खरंच सांगायला हवं होतं, पण कितीतरी आधी, त्या गाडीत. अक्कानं मान हलवली तरीही. याचा निकाल माझ्याकडून लागत नाही.

या उन्हाळ्यात गेले होते. निघताना पिशवी उचलली, तर दाजी मोटरसायकल काढून उभे होते. फाट्यावर आल्यावर गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "गौरीच्या टायमाला एकदा म्या मागं रडायलो होतो. जरा आवाज झाला असंल. तर ती हिकडून वरडून म्हणली, अवो, धूर लई झालाय का हो मागं? डोळं चोळू नका, पाणी मारा. मला वाटलं, बरं झालं, धुराचं निमित्त मिळालं." ते थांबले. "चूलच पेटलेली नव्हती ग त्या येळला. आत्ता आत्ता ध्यानात आलं."

लांबून एस.टी. येताना दिसली. त्यांनी हात करून ती थांबवली, माझी पिशवी कंडक्टरच्या हातात दिली आणि बस हलायच्या आत मोटरसायकल वळवून निघून गेले.